बाळंतीण, सर्ट्रालीन आणि अंगावरचं दूध: भांडुपमधलं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका बाईचं नाही. मुंबईत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या घटना एकत्र जुळवून ते मांडलं आहे. औषधं, मात्रा आणि तपासण्या मात्र प्रत्यक्ष उपचारात असतात तशाच आहेत. ते वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नये. मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसताना कोणते प्रश्न विचारायचे, हे कळावं यासाठी हा तपशील दिला आहे.

रुग्ण २९ वर्षांची, वजन ५८ किलो, पहिलंच बाळंतपण, माहेरी भांडुपला. २४व्या वर्षी नैराश्य आणि तीव्र चिंता झाली होती. तेव्हा सर्ट्रालीन या नैराश्य-चिंतेवरच्या गोळीने बरं वाटलं. मध्ये एकदा गोळी बंद केल्यावर चार महिन्यांत त्रास परतला, म्हणून गरोदरपणातही डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज १०० मिलिग्रॅम चालू ठेवली. पूर्ण दिवसांचं बाळंतपण झालं. मुलगी, वजन २.९ किलो.

दुसऱ्या दिवशी बाळाचे हातपाय थरथरायला लागले, रडणं चिरकं झालं. रक्तातली साखर तपासली, ती ठीक होती. दोन-तीन दिवसांत थरथर आपोआप थांबली. पण तोवर प्रसूतिगृहात निष्कर्ष निघून गेला होता: "आईची गोळी दुधातून बाळाला लागतेय." कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगितलं की औषध 'कॅटेगरी सी'मधलं आहे. तिसऱ्या दिवशी घरी जाताना गोळी एकदम बंद झाली.

या निष्कर्षात दोन चुका आहेत, आणि पुढचं सगळं त्यांतूनच घडलं.

पहिली चूक थरथरीच्या कारणाची. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आई सर्ट्रालीनच्या गटातली औषधं घेत असेल तर काही बाळांना जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत थरथर, चिडचिड, अपुरी झोप असा त्रास होतो. तो बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो. ते औषध वारेतून गेलेलं असतं, दुधातून नाही. दुसऱ्या दिवशी दूध असतं तरी किती? चिकाचं दूध दिवसभरात जेमतेम काही चमचे येतं. गर्भात नऊ महिने बाळाच्या रक्तात जेवढं औषध होतं, त्यापुढे या चमच्यांतला अंश नगण्य आहे. बाळावर लक्ष ठेवणं बरोबर होतं, साखर पाहणंही बरोबर. दोष दुधावर टाकणं मात्र चूक होतं.

दुसरी चूक 'कॅटेगरी'ची. ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणासाठी लावली होती, स्तनपानासाठी कधीच नाही. दिशाभूल होते म्हणून २०१५ पासून त्यांनी ती पद्धतही सोडली. आपल्याकडे ही अक्षरं अजून तोंडोतोंडी आणि मोबाइलवर फिरतात. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर "स्तनपान देणाऱ्या मातांनी टाळावे" असं छापलेलं असतं तेही कंपनीची सावधगिरी असते. त्यावरून दुधात नेमकं किती औषध उतरतं ते समजत नाही.

पाचव्या दिवसापासून बाळंतिणीला चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि विनाकारण रडू सुरू झालं. सर्ट्रालीन अचानक थांबवल्यावर दोन ते चार दिवसांत अशी लक्षणं दिसतात. पण बाळंतपणानंतर बहुतेक बायकांना तिसऱ्या ते दहाव्या दिवसात रडू कोसळतंच. ते दोन आठवड्यांत निवळतं आणि त्याला औषध लागत नाही. त्यामुळे घरच्यांना वेगळं काही वाटलं नाही. तिची आई म्हणत राहिली, "अगं, होतं असं पहिलटकरणीला, डिंकाचा लाडू खा." दोन आठवडे उलटून गेले तरी रडू थांबलं नाही, तेव्हाच पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं होतं. पहिला आजार माहीत असलेल्या बाईच्या बाबतीत तर तेवढंही थांबू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून औषधांची भर पडत गेली. दूध कमी वाटतं म्हणून डोंपेरिडोन १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. झोप नाही म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम. वर पावडरचं दूध. म्हणजे दुधात फार कमी उतरणारी आणि तान्ह्या बाळांत भरपूर अनुभव असलेली गोळी बंद झाली. तिच्या जागी गुंगी आणणारी गोळी आली, आणि वरच्या दुधामुळे स्तन रिकामे होईनासे झाल्याने आईचं दूध आणखी घटलं. "सुरक्षिततेसाठी" म्हणून एकेक पाऊल टाकत घर नेमकं उलट्या दिशेला गेलं.

चौतिसाव्या दिवशी ती मानसोपचार विभागात आली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिनबर्ग प्रश्नावलीत दहा प्रश्न असतात, कमाल ३० गुण. साधारण १० ते १३ च्या पुढे गुण गेले की सविस्तर तपासणी करतात. तिचे १९ आले. एकूण बेरजेपेक्षाही दहाव्या प्रश्नाचं उत्तर आधी पाहायचं असतं, कारण तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे तिने "क्वचित" असं सांगितलं. पुढे विचारल्यावर म्हणाली, मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल असं वाटतं, पण काही करायचं ठरवलेलं नाही.

त्याहून तिला छळत होता दुसरा विचार: चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बाळ आपल्या हातून खाली पडेल. म्हणून ती गॅलरीकडे फिरकायची नाही, बाळाला घेऊन खिडकीशी उभीही राहायची नाही. हे ऐकून घरचे हादरतात आणि पहिला विचार येतो बाळ आईपासून दूर न्यायचा. इथे फरक नीट ओळखायला हवा. नको असताना घुसणारा, आईला घाबरवणारा, ती ज्याला टाळत राहते असा विचार चिंतेचा आणि नैराश्याचा भाग असतो. बाळंतपणानंतरच्या सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं त्या आजारात, विचार आईला खरा वाटतो. बाळ बदललं आहे, बाळात काही शिरलंय, कुणीतरी आज्ञा देतंय, असं ती सांगते. गोंधळलेली असते, झोपेची गरजच वाटत नाही, मूड तासातासाला बदलतो. हा आजार हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. तसं दिसलं तर ओपीडीची तारीख घेत बसू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावं. या बाईत त्यातलं काही नव्हतं. कधी अतिउत्साहाचा, बिनझोपेचा काळ येऊन गेला का, घरात कुणाला बायपोलर आजार आहे का, हेही विचारलं. असता तर एकटी सर्ट्रालीन देणं धोक्याचं ठरलं असतं. हिमोग्लोबिन १०.१ आलं, थायरॉइड ठीक. बाळंतपणानंतरचा थायरॉइडचा बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची तपासणी टाळू नये.

गणित

औषध दुधात किती उतरेल हे काही गोष्टींवर ठरतं. औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटणारं असेल तर कमी उतरतं. सर्ट्रालीन सुमारे ९८ टक्के चिकटलेली असते. बायपोलर आजारावरचं लिथियम अजिबात चिकटत नाही आणि त्याचा कणही छोटा, म्हणून ते सहज जातं. औषध शरीरात किती काळ टिकतं तेही पाहायचं. सर्ट्रालीन साधारण सव्वीस तासांत निम्मी होते. त्याच गटातली फ्लुओक्सेटीन आणि तिच्यापासून बनणारा घटक आठवडाआठवडा राहतो आणि बाळात साचू शकतो.

हिशोब असा. बाळ दिवसाला दर किलोमागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पितं असं धरतात. आईच्या दुधात सर्ट्रालीन सरासरी पन्नास मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आसपास आढळली आहे. मुद्दाम दुप्पट, म्हणजे १०० धरू. तर बाळाला दर किलोमागे १५ मायक्रोग्रॅम मिळतील. आईची मात्रा १०० मिलिग्रॅम भागिले ५८ किलो, म्हणजे दर किलोमागे सुमारे १७२४ मायक्रोग्रॅम. पंधरा भागिले १७२४, म्हणजे ०.९ टक्का. हा आकडा दहा टक्क्यांच्या आत असला तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी औषध सामान्यतः चालतं असं मानतात. बहुतेक अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात सर्ट्रालीन मोजण्याइतकीही सापडत नाही. म्हणून बाळाचं रक्त उगाच तपासायला घेऊ नये. कारण न सापडणारी लक्षणं असली तरच ती तपासणी अर्थपूर्ण ठरते.

दहा टक्के ही मात्र लक्ष्मणरेषा नव्हे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड औषध बाहेर टाकायला कच्चं असतं, तिथे दोन टक्क्यांवरही सावध राहावं लागतं. सहा महिन्यांचं, वरचं अन्न खाणारं बाळ त्याहून जास्त पेलतं. बायपोलर आजारावरच्या व्हॅल्प्रोएटचा दुधातला वाटा कमी असूनही तरुण बाईला ती शक्यतो देत नाहीत. पुढचं गरोदरपण नकळत राहिलं तर त्या बाळाच्या मज्जारज्जूवर आणि बुद्धीवर गंभीर परिणाम होऊ शकतो, हे त्यामागचं कारण. दुधाचा आकडा चांगला म्हणून औषध चांगलं, असा अर्थ निघत नाही.

औषध बदलून पॅरॉक्सेटीन किंवा एस्सिटालोप्राम द्यावं का, अशी चर्चा झाली. सर्ट्रालीनच पुन्हा निवडली. तिला पूर्वी याच गोळीने बरं केलं होतं, आणि बाळ नऊ महिने याच औषधाच्या सहवासात वाढलं होतं. नवीन औषध म्हणजे बाळाला दुसरं रसायन, आणि आईला लागू पडेलच याची खात्री नाही. शिवाय एस्सिटालोप्राम आणि डोंपेरिडोन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांतलं क्यूटी अंतर वाढवतात, ते फार वाढलं तर ठोके बिघडू शकतात. ती जोडी ईसीजी न पाहता देणं योग्य नाही. दूध वाढवायच्या गोळ्या मुंबईत इतक्या सहज दिल्या जातात की ही विचारणा प्रत्येक मानसोपचार ओपीडीत व्हायला हवी. दूध वाढवायला देतात ते मेटोक्लोप्रामाइड तर नैराश्य वाढवू शकतं, ते या बाईला नकोच.

उपचार

महिनाभर गोळी बंद होती, म्हणून थेट १०० वर उडी घेतली नाही. नाश्त्यानंतर २५ मिलिग्रॅम पाच दिवस, मग ५० दहा दिवस, मग १००. गोळी घेतल्यावर दूध काढून फेकायची गरज नाही. रोजच्या सर्ट्रालीनने औषधाची पातळी दिवसभर जवळजवळ सारखी राहते, त्यामुळे घड्याळ पाहून पाजण्याने मिळणारा फायदा फार थोडा आणि आईची धावपळ फार मोठी होते.

अल्प्राझोलाम बारा रात्री घेतली होती. ती ०.२५ वर आणून पाच रात्रींनी थांबवली. पुढे लागलीच तर थोड्या दिवसांसाठी लोराझेपाम ०.५ मिलिग्रॅम असं ठरलं, पण ती वेळ आली नाही. डोंपेरिडोन आठवड्याभरात कमी करून बंद केली.

झोपेची व्यवस्था हाही उपचारच होता. दोन खोल्यांच्या घरात सगळे जमिनीवर ओळीने झोपायचे, बाळ आईच्या कुशीत. गुंगीची गोळी घेतलेल्या माणसाशेजारी तान्हं बाळ एकाच गादीवर ठेवलं तर ते दबून गुदमरण्याचा धोका असतो. हे औषधाच्या दुधातल्या अंशापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. बाळाची पातळ, घट्ट गादी हातभर अंतरावर वेगळी घातली, उशी आणि जाड गोधडी काढली. रात्री दहाला आई पाजून झोपणार, एकचं पाजणं आजी करणार, साडेतीनला पुन्हा आई. सलग झोप मिळाली नाही तर नैराश्यातून सावरणं अवघड जातं.

एकच्या पाजण्यासाठी संध्याकाळी दूध हाताने काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात लगेच फ्रिजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला. मुंबईच्या उकाड्यात बाहेर ठेवायचं नाही. फ्रिजमध्ये ते दोन-तीन दिवस सहज राहतं. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून गरम करायचं, गॅसवर नाही. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. उरलेलं पुन्हा ठेवायचं नाही. पावडरचं दूध एकेक वेळ कमी करत दहा दिवसांत थांबलं. दूधपेढीचं दूध मिळेल का असं घरच्यांनी विचारलं. शीवच्या महापालिका रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे, पण ते दूध अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं. इथे त्याची गरजही नव्हती.

गोळ्यांची पाकिटं आजीकडे. आईला एकटं ठेवायचं नाही. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ फ्रिजवर लिहून लावला. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

गोळी सुरू करायच्या आधी दोन दिवस बाळाची नोंद ठेवायला सांगितली: किती वेळा प्यालं, किती लंगोट ओले झाले, स्वतः उठतं की उठवावं लागतं. हे आधी लिहिलेलं नसेल तर नंतर दिसणारी प्रत्येक गोष्ट औषधाच्या माथी मारली जाते.

पंचेचाळिसावा दिवस

नेमकं तेच घडलं. गोळी ५० वर येऊन चार दिवस झाले होते. बाळ दुपारपासून सुस्त, उठवलं तरी डोळे मिटतंय, दहाऐवजी सहाच वेळा प्यालं. "बघ, सांगत होते ना, गोळीनेच झालं," आजी म्हणाली. बाळंतिणीने गोळी हातात घेऊन परत ठेवली.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ सुस्त होऊन कमी पिऊ लागलं तर कारण शोधत घरी बसायचं नाही. बालरोगतज्ज्ञांनी त्याच संध्याकाळी तपासलं: ताप नाही, टाळू ठीक, श्वास ठीक, साखर ठीक, जंतुसंसर्गाची खूण नाही. मग तीन दिवसांचा क्रम विचारला. बेचाळिसाव्या दिवशी दीड महिन्याची लस झाली होती. बाळ रात्रभर रडलं. दुसऱ्या दिवसापासून शांत झोपावं म्हणून मालिशवाल्या बाईंच्या सांगण्यावरून बाळगुटीत जायफळाचे वेढे दोनावरून सात-आठ केले होते, दिवसातून दोनदा. जायफळाने तान्ह्या बाळाला खरोखर गुंगी येते आणि वेढ्यांना माप नसतं. दगड किती ओला, हात किती जड, तेवढं औषध जास्त. वहीत सुस्ती गुटीनंतर तासाभरात वाढलेली दिसत होती, आणि गोळीची मात्रा तर चार दिवस तीच होती.

गुटी पूर्ण बंद केली. सर्ट्रालीन चालू ठेवली. बाळावर रात्रभर निरीक्षण. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाळ पूर्ववत पिऊ लागलं. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणी, मध, गुटी काहीच द्यायचं नाही, ही सूचना लसीच्या दिवशीच घरातल्या मोठ्या बायकांना समोर बसवून द्यायला हवी. बाळाच्या तोंडात काय जाणार हे घरात त्याच ठरवतात, आणि प्रेमापोटीच ठरवतात. नीट कारण सांगितलं की त्या ऐकतात. या घरातही आजीने सहाण आपणहून उचलून ठेवली.

औषध दुसरं असतं तर

आई लिथियमवर असती तर उत्तर इतकं सोपं नसतं. बाळाच्या रक्तात आईच्या पातळीच्या साधारण पाव भाग, कधी त्याहूनही जास्त लिथियम दिसू शकतं. पावसाळ्यात जुलाब होऊन बाळाचं पाणी कमी झालं की ते झपाट्याने वाढतं. पाजायचंच ठरलं तर बाळाचं लिथियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन आणि टीएसएच तपासत राहायची तयारी हवी. बायपोलर आजारावरची लॅमोट्रिजीन दुधात बऱ्यापैकी उतरते, बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तर तातडीने दाखवावं. गरोदरपणात तिची मात्रा वाढवली असेल तर बाळंतपणानंतर लगेच कमी करावी लागते, नाहीतर आईलाच विषबाधा होते. सायकोसिसवरचं क्लोझापीन घेत असताना पाजू नये, बाळाच्या पांढऱ्या पेशी घटण्याची भीती असते. डॉक्सेपीनही टाळतात. ओलान्झापीन आणि क्वेटियापीन यांचा वाटा कमी, बाळाच्या गुंगीवर लक्ष ठेवून चालतात. अॅरिपिप्राझोलने दूधच कमी होऊ शकतं. मग घरचे आईला दोष देत बसतात आणि कारण गोळीत असतं. सिझेरियननंतर दुखण्यावर ट्रामाडॉल देताना आई सर्ट्रालीनवर आहे हे भूलतज्ज्ञांना माहीत असायलाच हवं, कारण ही दोन औषधं एकत्र आल्यास त्रास होऊ शकतो.

डॉक्टरांना प्रत्येक औषधाचा ताजा तपशील अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या 'लॅक्टमेड' या मोफत संग्रहात पाहता येतो. दोन मिनिटं लागतात.

आजार आणखी बळावून दाखल करावं लागलं असतं तरी बाळ आपोआप दूर करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सामान्यतः वेगळं करू नये. बाळाला धोका असेल तर तात्पुरतं करता येतं, त्याचा दर पंधरा दिवसांनी आढावा घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबईतल्या वॉर्डांत आई-बाळाला एकत्र ठेवायला जागा मिळणं अवघड जातं. नातेवाइकांनी हा कायदा माहीत असल्याचं शांतपणे सांगावं.

पुढे

भेटी मुद्दाम लसीच्या तारखांना जोडल्या, कारण त्या घर चुकवत नाही. अडीच महिन्यांना प्रश्नावलीचे गुण ११, बाळाचं वजन ४.६ किलो. गॅलरीचा विचार येतो, पण आता ती बाळाला घेऊन तिथे उभी राहते. साडेतीन महिन्यांना गुण ६, दहाव्या प्रश्नाचं उत्तर "कधीच नाही", वजन ५.४ किलो, पूर्णपणे अंगावर.

१०० मिलिग्रॅम मात्रा पूर्ण बरं वाटल्यानंतर किमान वर्षभर तशीच राहणार आहे. एकदा बंद केल्यावर त्रास परतलेला असल्याने कदाचित अधिक काळ. प्रसूती रजेचे सव्वीस आठवडे संपण्याच्या सुमारास कामाचा ताण, लोकलचा प्रवास आणि झोपमोड एकदम येते, त्या महिन्यात मात्रेला हात लावायचा नाही. कमी करायची वेळ येईल तेव्हा ७५, ५०, २५ अशी, प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबून. तांबी बसवली आहे. पुढचं मूल हवं असेल तर गरोदर राहण्याच्या आधी तीन महिने भेटायचं, आणि बाळंतपणाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहायचं: सर्ट्रालीन १०० चालू, प्रसूतीनंतर बंद करू नये, स्तनपान चालेल, शंका असल्यास उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करावा.